ओले अंथरूण आणि कोरडा विमा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. उपनिषदे होतात, अर्थसंकल्प होतो, चंद्रावरच्या स्वाऱ्याही होतात. माझा आजचा विषय मात्र त्या मानाने फारच जमिनीवरचा, किंबहुना अंथरुणावरचा आहे. पत्रिकेत चिटणीसांनी तो ‘वार्धक्यातील शुश्रूषा’ अशा भारदस्त नावाने छापला आहे. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे या गोष्टीचे खरे नाव छापण्याची चालच नाही. ते खरे नाव असे : घरातल्या म्हाताऱ्या अगर आजारी माणसाला लघवी धरवत नाही, अंथरूण ओले होते, त्याखाली काय घालावे, आणि त्याचा खर्च कोणी द्यावा.

आपण थोडे हसलात. हसणे साहजिक आहे. पण या सभागृहातल्या कित्येकांच्या घरी आज रात्री दोन वाजता कोणीतरी उठणार आहे, दिवा लावणार आहे, चादर बदलणार आहे आणि सकाळी त्याबद्दल एक अक्षरही बोलणार नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. ते न बोलणे हाच या विषयातला पहिला रोग होय.

तान्ह्या मुलाची ओली दुपटी आपण अंगणात दोरीवर उघड वाळत घालतो. ती पाहून शेजारीण आनंदाने चौकशी करते. आजोबांची चादर मात्र मागल्या दाराने जाते. वास्तविक दोन्हींत एकच पाणी आहे. आपल्या वैद्यांनी यात लाज मानलेली नाही. शार्ङ्गधरसंहितेत ‘शय्यामूत्र’ हा शब्द बालरोगांच्या यादीत सरळ येतो. ज्याला नाव आहे त्याची चिकित्सा करता येते, ज्याला नाव नाही ते नशिबावर सोडले जाते. म्हणून पहिली विनंती ही की, घरात या गोष्टीचे नाव घ्या. वडील माणसाशी बोलताना ‘तुम्ही पुन्हा ओले केलेत’ असे म्हणण्याऐवजी ‘रात्री त्रास होतो, तर आपण त्याची काही सोय करू’ असे म्हणा. वाक्य बदलले की माणूसही थोडा सैल होतो.

आता सोय म्हणजे काय? लोक थेट औषधाच्या दुकानात जातात आणि ‘म्हाताऱ्यांचे ते द्या’ म्हणून एक पुडके घेऊन येतात. माझे म्हणणे असे की, दुकानाच्या आधी दवाखान्याची पायरी चढावी. लघवी न धरवणे हे पुष्कळदा दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असते. मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, जुनाट बद्धकोष्ठ, मधुमेह, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी, यांपैकी एखादे कारण निघाले की उपचाराने किंवा गोळीची वेळ बदलून निम्मे काम होते. ती वेळ डॉक्टरांनी बदलावी, आपण नव्हे. काहींचे मूत्राशय पुरते रिकामे होतच नाही आणि भरून सांडत राहते. अशा माणसाला नुसते पॅड घालून निजवणे म्हणजे आतल्या बांधाकडे दुर्लक्ष करून अंगणात बादल्या मांडण्यासारखे आहे. बाळंतपणानंतर अगर उतारवयात खोकताना, शिंकताना थेंब जाणाऱ्या स्त्रियांना ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो वैद्यकीय जगापुढे मांडला आणि आजही त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. त्याला ना औषध लागते, ना पैसा.

आणखी एक गैरसमज येथेच मोडतो. अंथरूण ओले होते म्हणून आजोबा दुपारपासून पाणी पिणे सोडतात. घरच्यांनाही ते शहाणपणाचे वाटते. परंतु पाणी तोडल्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिक चिडते, बद्धकोष्ठ वाढते आणि जंतुसंसर्गाला निमंत्रण मिळते. दिवसभर व्यवस्थित पाणी प्यावे, निजण्याच्या दोन-तीन तास आधी कमी करावे. हृदयाच्या अगर मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप घालून दिले असेल, तर अर्थात तेच पाळावे. आणि पलंगाजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवता आली, वाटेवर एक मंद दिवा राहिला, तर पॅडची गरज काही घरांतून निघूनही जाते. जो माणूस चालू शकतो त्याला केवळ आपल्या सोयीसाठी अंथरुणाला खिळवू नये.

हे सारे करूनही अंथरूण ओले होतेच, असे समजू. मग निवड आली. पूर्वी आपल्या घरात याचे साहित्य तयार असे. जुन्या लुगड्याच्या घड्या, धोतराचा पंचा, त्याखाली मेणकापड अगर रबराची चादर. त्या मऊ सुती कापडाला मी नावे ठेवणार नाही. पण सुती कापड पाणी पिते आणि तसेच अंगाशी धरून ठेवते, आणि रबर त्याखाली घाम आणते. आजच्या एकदा वापरून टाकायच्या पॅडची रचना तीन थरांची असते. वर अंगाला लागणारा पातळ, न विणलेला थर. मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापूस आणि पुष्कळदा त्यात मिसळलेली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट नावाची भुकटी. खाली पाणी न झिरपणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा. ती भुकटी ओलावा पिऊन फुगते, तिचा लिबलिबीत गोळा होतो आणि दाबले तरी पाणी सहजी सोडत नाही. सारी करामत तिची आहे. म्हणून पुडक्यावर ही भुकटी आहे की नुसता कापूसच आहे, हे आधी पाहावे. नुसत्या कापसाचे पॅड स्वस्त असते, पण माणूस कुशीवर वळला की त्यातले पाणी पुन्हा वर येते.

दुसरे म्हणजे माप. पुडक्यावर ‘इतके मिलिलिटर’ असा मोठा आकडा असतो. तो पॅड पुरते बुडवून, प्रयोगशाळेत काढलेला असू शकतो. अंथरुणात पॅड बुडत नसते. लघवी एकाच जागी पडते, वर शरीराचा भार असतो, आणि लघवीत क्षार असल्यामुळे ही भुकटी साध्या पाण्याइतकी तिला शोषत नाही. तेव्हा त्या आकड्यावर जाण्यापेक्षा घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर विश्वास ठेवावा. कोरडे पॅड तोलावे, सकाळी ओले पॅड पिशवीत घालून तोलावे. जितके ग्रॅम वाढले तितके साधारण मिलिलिटर समजावे. तीन रात्री असे तोलले की आपल्या माणसाला किती लागते हे जाहिरातीपेक्षा चांगले कळते. प्रौढ माणसाची एका वेळची लघवी तीनशे-चारशे मिलिलिटर असू शकते, आणि वय झाले की दिवसाची लघवी रात्रीकडे सरकते. थेंब जाणाऱ्याला आणि पूर्ण मूत्राशय रिकामे होणाऱ्याला एकच पॅड देणे म्हणजे एकाच पायताणाने साऱ्या गावाला चालवणे होय.

तिसरे, आकार. साठ सेंटिमीटर बाय नव्वद सेंटिमीटर हे माप बाजारात सर्रास मिळते. ते कमरेपासून मांडीच्या मध्यापर्यंत आडवे पसरावे. निजणारा फार हालचाल करत असेल तर ते गोळा होऊन पायाशी जाते. अशा माणसाला धुण्याजोगे शिवलेले पॅड बरे, ज्याच्या दोन्ही बाजूंचे पदर गादीखाली खोचता येतात. हे पॅड रजईसारखे असते आणि पुष्कळ वेळा धुता येते. पण दोन अटी आहेत. एक, निदान तीन तरी हवीत : एक अंथरुणावर, एक धुण्यात, एक कोरडे. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ते जाड कापड दोन दिवस वाळत नाही. तेव्हा श्रावणात धुण्याचे पॅड असणाऱ्यानेही टाकायच्या पॅडचे एक पुडके जवळ ठेवावे. दुसरी अट, ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि पॅड पाणी प्यायचे थांबते.

अंथरुणावरचे पॅड आणि अंगावरचे डायपर यांतही विवेक हवा. पॅड गादी राखते, डायपर कपडे राखते. जो उठतो, बसतो, देवळात जातो त्याला डायपर. जो निजूनच असतो त्याला रात्री थोडा वेळ तरी नुसते पॅड, म्हणजे कातडीला वारा लागतो. आणि येथे एक मोठा धोका सांगतो. पुष्कळ घरांत काळजीपोटी एकावर एक तीन पॅडे, वर चादर, वर रबर असा किल्ला रचतात. त्याने पाणी अडत नाही, ऊब आणि दाब मात्र वाढतो. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, कातडीचा आम्ल स्वभाव बदलतो, ती पांढुरकी, मऊ पडते आणि माकडहाडाशी व टाचेशी फाटते. तिला आपण शय्याव्रण म्हणतो. एकच चांगले पॅड घालावे, ते ओले झाले की बदलावे, कातडी साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी, जस्ताचे अगर पेट्रोलियम जेलीचे मलम पातळ लावावे आणि न हलणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. हवेची गादी आणली असेल तर तिच्यावर पॅडांचा ढीग घालणे म्हणजे पैसे देऊन घेतलेला गुण घालवणे. टाल्कम पावडर नको. ओल लागली की तिच्या गोळ्या होतात आणि त्या टोचतात.

वापरलेल्या पॅडचाही विचार व्हावा. ते सफाई कामगाराच्या हाती उघडे जाऊ नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या डायपरचा सॅनिटरी कचऱ्यात समावेश केला आणि ते नीट गुंडाळून वेगळे द्यावे असे सांगितले. पुण्यात कचरावेचक भगिनींच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने तर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम चालवली. लाल ठिपक्याला पै लागत नाही, पण त्यात दुसऱ्याच्या हातांविषयी आदर आहे.

आता खर्च. समजा, एक पॅड तीस रुपयांचे आहे आणि दिवसाला तीन लागतात. रोजचे नव्वद, महिन्याचे दोन हजार सातशे, वर्षाचे बत्तीस हजारांच्या वर. पेन्शनवर चालणाऱ्या घरात हा आकडा दुधाच्या आणि विजेच्या बिलांशेजारी येऊन बसतो. मग साहजिकच प्रश्न निघतो : आपण इतकी वर्षे आरोग्यविम्याचा हप्ता भरतो, तो विमा हे देतो का?

उत्तर कोरडे आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२० मध्ये आरोग्यविम्याच्या पॉलिसींची जी शिस्त घालून दिली, तिच्या सोबत न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादी होती. तिच्यात ‘कोणत्याही प्रकारचे डायपर’ अशी नोंद आहे. तेथेच हातमोजे आहेत, पाण्याच्या व हवेच्या गादीचे भाडे आहे, खासगी परिचारिकेचा पगार आहे. म्हणजे अंथरुणावरच्या माणसाला जे जे लागते ते ते एकाच यादीत ओळीने बसले आहे. शिवाय आपला विमा मुळात रुग्णालयातल्या उपचाराचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरीच्या पुढच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाचा विचार न करता, खुली झाली. ही फार मोठी गोष्ट आहे. पण तिचेही पाच लाखांचे छत्र रुग्णालयात दाखल झालेल्यावर आहे. घरी आणून निजवलेला माणूस विम्याच्या दृष्टीने बरा झालेला असतो!

तरीही हात बांधून बसण्याचे कारण नाही. काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, काही विमा कंपन्या जादा हप्त्यात उपभोग्य वस्तूंचे संरक्षण देणारी पुरवणी विकतात. ती घेण्यापूर्वी तिच्यात डायपर व पॅड शब्दाने लिहिले आहे का, आणि ती फक्त रुग्णालयातच लागू आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला पावती नसते. दुसरी, रुग्णालयातून निघताना तपशीलवार बिल मागावे. ‘इतर साहित्य’ अशा एका ओळीत सगळे कोंबलेले बिल नाकारायला सोपे असते. तिसरी, दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागावे, आधी कंपनीकडे तक्रार करावी, आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत, तेथे फी नाही आणि वकिलाची गरज नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. जे पॉलिसीतच नाही ते लोकपालही देऊ शकणार नाही, पण जे आहे आणि नाकारले गेले आहे ते मिळू शकते.

चौथी गोष्ट प्राप्तिकराची. घरात अवलंबून असलेल्या आईवडिलांना अर्धांगवायू, कंपवात अशा आजाराने निदान चाळीस टक्के अपंगत्व आले असेल आणि तसे सरकारी प्रमाणपत्र असेल, तर त्यांच्या देखभालीपोटी मुलाला अगर मुलीला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ऐंशी टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची. तिची गंमत अशी की, प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. अट एवढीच की कर जुन्या पद्धतीने भरला पाहिजे. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ही सवलत कायम ठेवली आहे, कलमाचे आकडे तेवढे बदलले आहेत. कित्येक घरांत आजारी माणसाचे प्रमाणपत्रच काढलेले नसते, कारण ‘आता या वयात कशाला’ असे सगळ्यांना वाटते. या वयातच ते काढावे! आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैद्यकीय डायपरवरचा वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पावतीवर कोणता दर लावला आहे हेही पाहत जावे.

आपल्याकडे विमा कंपनी घरच्या शुश्रूषेचे पैसे कधीच देत नाही का? देते, पण वेगळ्या दाराने. वाहनाच्या अपघातात कोणी जन्माचे अपंग झाले, तर त्याची भरपाई बहुधा वाहनाच्या विमा कंपनीलाच करावी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका मुलीचा दावा आला. अपघाताने तिचे चारही अवयव दुबळे झाले होते आणि लघवीवरचा ताबा गेला होता. न्यायालयाने तिला आयुष्यभर दोन मदतनीस लागतील असे धरून महिन्याचा खर्च मांडला, त्याला अठराने गुणले आणि केवळ मदतनिसांपोटी २१,६०,००० रुपये ठरवले. हा हिशोब पुन्हा वाचण्यासारखा आहे. रात्री उठणे, कूस बदलणे, धुणे, पुसणे यांचा न्यायालयाने रुपयांत आकडा केला. तेच काम आपल्या घरात सून करते, बायको करते, मुलगी नोकरी सोडून करते, तेव्हा त्याचा आकडा शून्य धरला जातो.

दुसरे देश काय करतात? अमेरिकेत ज्येष्ठांसाठी असलेली सरकारी मेडिकेअर योजना पॅडचा आणि डायपरचा खर्च देत नाही. गरिबांसाठीची मेडिकेड योजना पुष्कळ राज्यांत देते. मुलाकडे तिकडे राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे. जर्मनीने निराळा रस्ता धरला. १ जानेवारी १९९५ पासून तेथे शुश्रूषेचा स्वतंत्र विमा सक्तीचा झाला. आजाराचा विमा वेगळा, आणि परावलंबनाचा वेगळा. ज्याला परावलंबी म्हणून दर्जा मिळाला आणि जो घरीच राहतो, त्याला रोज लागणाऱ्या साहित्यापोटी २०२५ पासून महिन्याला ४२ युरोपर्यंत मिळतात. त्या साहित्याच्या यादीत हातमोजे आहेत, जंतुनाशक आहे आणि अंथरुणावर घालायचे पॅडही आहे. आमच्याकडे ज्या वस्तू न मिळणाऱ्यांच्या यादीत आहेत, त्यांतल्या काही तेथे मिळणाऱ्यांच्या यादीत आहेत. रक्कम फार मोठी नाही. पण यादी कोणती, यावरून समाजाचे मन कळते.

आपला देश जर्मनीएवढा श्रीमंत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मागणीची सुरुवात लहान करता येते. रुग्णालयातून घरी पाठवलेल्या परावलंबी माणसाला पहिले तीन महिने तरी शुश्रूषेचे साहित्य विम्यातून मिळावे, अशी मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी लेखी करावी. चार संघांनी मिळून पॅड घाऊक आणले तर किंमत आजही उतरेल. आणि गावातल्या एखाद्या दवाखान्याने महिन्यातून एक दिवस या एकाच तक्रारीसाठी ठेवला, तर आज दाराआड राहणारी कित्येक माणसे पुढे येतील.

मंडळी, मागणी करायची तर आधी बोलावे लागते. विमा कंपनी अगर सरकार त्याच गरजेची दखल घेते, जिची कोणी मोठ्याने तक्रार केली आहे. आपण लाजेने गप्प बसलो म्हणून ही गरज कुठल्याच हिशोबात आली नाही. म्हाताऱ्या माणसाला कोरड्या अंथरुणावर झोप लागावी, आणि त्याची सेवा करणारीलाही रात्री चार तास सलग मिळावेत, ही मागणी काही चैनीची नाही. उद्या घरी जाऊन कोणी आपल्या वडिलांना या गोष्टीविषयी सरळ, प्रेमाने विचारले आणि कोणी आपली पॉलिसी कपाटातून काढून तिची बारीक अक्षरे वाचली, तर आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले असे मी समजेन.